दुकान कुणाचं आणि पत्ता कुणाकडे : छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांच्या पर्यायी वाटांचा इतिहास

‘ऑनलाइन विक्री’ हा विषय निघाला की बहुतेक जण तो वाणिज्य किंवा व्यवस्थापन विभागाच्या वाट्याला टाकून मोकळे होतात. इतिहासवाल्यांनी त्यात काय करायचं? सगळ्या प्रकाराचं वयच मुळी पंचवीस वर्षांचं. पण पंचवीस वर्षं म्हणजे एका छोट्या विक्रेत्याचं जवळपास अख्खं धंद्याचं आयुष्य. एवढ्या काळात आपल्याकडे काही बाजार उघडले, भरभराटीला आले आणि कुलूप लागून बंदही झाले. पेटची तयारी करणाऱ्या किंवा सारांशिकेसाठी विषय शोधणाऱ्या मित्रांसाठी हा लेख लिहितोय, म्हणून आधीच सांगतो: इथे इतिहासाला भरपूर काम पडून आहे आणि ते करणारे हात फार कमी आहेत.

प्रश्न एकच धरू. ‘इथे आता परवडत नाही, दुसरीकडे कुठे विकता येईल?’ असं म्हणत छोटा विक्रेता एका बाजारातून उठतो, तेव्हा सोबत काय नेऊ शकतो आणि काय मागे राहतं? या विषयावर जे छापून येतं त्यात कमिशनच्या टक्क्यांवर फार भर असतो. कमिशन महत्त्वाचं आहेच. पण माझ्या वाचनावरून माझं मत असं बनलंय की खरा निकाल दुसऱ्याच गोष्टीवर लागत आला आहे. गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता कोणाच्या वहीत राहतो, यावर. हे पटवायला थोडं मागे जावं लागेल, इंटरनेटच्या बरंच आधी.

१८७७ साली हिंदुस्थानच्या टपाल खात्याने व्हॅल्यू पेएबल पोस्टाची सोय सुरू केली. आपल्या घराघरांतल्या बोलीत हीच ‘व्हीपी’. रीत सोपी. विक्रेत्याने पार्सल टपाल कचेरीत द्यायचं आणि वसूल करायची रक्कम त्यावर लिहायची. पोस्टमन ते गिऱ्हाइकाच्या दारात नेणार, पैसे मोजून घेणार, मगच पार्सल हातात देणार. वसूल झालेली रक्कम टपालानेच विक्रेत्याकडे परत यायची. १८८० पासून मनीऑर्डरचं कामही टपाल खात्याकडे आलं आणि पैशाच्या परतीची वाट पक्की झाली. मुंबई-पुण्यातल्या पुस्तकवाल्याला, औषधवाल्याला, घड्याळवाल्याला आता खानदेशात किंवा वऱ्हाडात दुकान थाटायची गरज उरली नाही. वर्तमानपत्रात चार ओळींची जाहिरात द्यायची, खाली ‘टपालखर्च निराळा’ असं छापायचं आणि येणाऱ्या पत्रांची वाट बघायची. मासिकंसुद्धा याच वाटेने जगली. वर्गणी वेळेत आली नाही तर पुढचा अंक व्हीपीने पाठवू आणि कृपा करून व्हीपी परत करू नका, अशा विनवण्या जुन्या मराठी मासिकांत जागोजागी सापडतात.

‘परत करू नका’ हे शब्द मुद्दाम दाखवतोय. व्हीपीचं दुखणं तिथेच होतं. गिऱ्हाईक मागवायचं आणि पार्सल दारात आल्यावर नको म्हणायचं. जाण्या-येण्याचा खर्च विक्रेत्याच्या अंगावर. उलट बाजूने, पार्सल उघडल्यावर आत भलतंच निघाल्याच्याही तक्रारी असत. फ्लिपकार्टने २०१० मध्ये ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आणली तेव्हा तिचं नवा भारतीय शोध म्हणून बरंच कौतुक झालं. मला ते व्हीपीचं दुसरं बारसं वाटतं. आजचे विक्रेते ज्याला ‘आरटीओ’ म्हणतात (परिवहन कार्यालय नव्हे, माल जिथून निघाला तिथेच परत येणं) ते दुखणंही तेच, दीडेकशे वर्षांचं.

आता या व्यवस्थेत कोणकोण होतं ते बघा, कारण पुढचा सगळा युक्तिवाद यावर उभा आहे. जाहिरात छापणारा संपादक वेगळा. माल नेणारं आणि पैसे वसूल करणारं टपाल खातं वेगळं. विक्रेता वेगळा. टपाल खातं स्वतः औषधं विकत नव्हतं, त्यामुळे एका औषधवाल्याचं पार्सल मागे ठेवून दुसऱ्याचं पुढे काढण्यात त्याला काही मिळणार नव्हतं. आणि गिऱ्हाइकाचं पत्र थेट विक्रेत्याच्या टेबलावर यायचं. नाव, गाव, तालुका, जिल्हा सगळं त्याच्या वहीत. पुढच्या वर्षीची यादी तो त्याच पत्त्यांवर पाठवायचा. एका वर्तमानपत्राने जाहिरातीचे दर वाढवले तर दुसरं धरायचं, वही आपल्याकडेच.

याचा अर्थ तो सुवर्णकाळ होता असा घेऊ नका. जाहिरातीचे पैसे आधी मोजावे लागत, म्हणजे अगदीच लहान माणूस बाहेरच. लिहिता-वाचता येणारं गिऱ्हाईक मूठभर. शिवाय खोट्या औषधांचा सुळसुळाट. मला एवढंच म्हणायचंय की दर्शनी खिडकी, वाहतूक, पैशाची वसुली, गिऱ्हाइकाचा पत्ता आणि तंट्याचा निवाडा ही पाच कामं तेव्हा एका हातात नव्हती.

ती एका हातात यायला सुरुवात झाली ती बाझीपासून. २००० साली अवनीश बजाज आणि सुवीर सुजान यांनी मुंबईत बाझी डॉट कॉम सुरू केलं. अमेरिकेत १९९५ मध्ये पिएर ओमिड्यार यांनी सुरू केलेल्या ईबेचा नमुना समोर होता: कुणीही यावं, आपली वस्तू मांडावी, लोकांनी बोली लावावी. २००४ मध्ये ईबेने सुमारे पाच कोटी डॉलरला बाझी विकत घेतलं आणि पुढे त्याचं ईबे इंडिया झालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका विक्रेत्याने टाकलेल्या आक्षेपार्ह चित्रफितीच्या नोंदीवरून बजाज यांना अटक झाली. पुढे २०१२ मध्ये त्यांच्याविरुद्धची कारवाई सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, पण दरम्यान २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ७९ ला आजचं रूप आलं. ‘मी विक्रेता नाही, मी केवळ मध्यस्थ’ असं म्हणण्याची जागा त्याने संकेतस्थळांना दिली. मध्यस्थ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे. (विधीच्या विद्यार्थ्यांना हे प्रकरण तोंडपाठ असतं. इतिहासवाल्यांनी दिल्ली उच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल वेगळ्या कारणासाठी वाचावा. विक्रेता नोंद कशी टाकायचा, शब्द तपासणारी चाळणी कशी चालायची, पैसे कसे फिरायचे याचं वर्णन त्यात आहे. त्या काळातल्या ऑनलाइन बाजाराचा असा तपशील दुसरीकडे सहज मिळत नाही.)

पैसे फिरायचे ते ‘पैसापे’तून. गिऱ्हाइकाने रक्कम पैसापेला द्यायची, विक्रेत्याने माल पाठवायचा, मग पैसे विक्रेत्याच्या खात्यात जमा. पुन्हा व्हीपीच, फक्त पोस्टमनच्या पिशवीऐवजी एका कंपनीचं खातं. विक्रेत्याची प्रत साठायची ती गिऱ्हाइकांनी दिलेल्या शेऱ्यांतून. शंभर शेरे, पाचशे शेरे, नव्व्याण्णव टक्के चांगले. ज्याच्याकडे दुकानाची पाटी नाही, ओळखपाळख नाही, त्याची तीच पत. आणि इथे कोण होतं? जुनी नाणी आणि टपाल तिकिटं विकणारे, कॅमेऱ्याच्या भिंगांचे हौशी, रद्दीतून दुर्मीळ पुस्तकं शोधणारे. ज्यांच्याकडे एकेकच नग असायचा असे लोक.

अमेरिकेतल्या विक्रेत्यांना मात्र तोवर चटके बसायला लागले होते. ईबेने २००८ च्या सुरुवातीला शुल्काची रचना बदलली आणि विक्रेत्याने गिऱ्हाइकाला वाईट शेरा देण्याची सोय काढून घेतली. त्यावर १८ ते २५ फेब्रुवारी २००८ असा आठवडाभर विक्रेत्यांनी बहिष्कार पुकारला. काही जणांनी हस्तकलेसाठी २००५ मध्ये ब्रुकलिनमधून सुरू झालेलं एट्सी गाठलं. तिथे घरच्यासारखं वातावरण होतं आणि विक्रीवरचं कमिशन साडेतीन टक्के. २०१८ मध्ये ते पाच झालं, २०२२ मध्ये साडेसहा. आणि ११ ते १८ एप्रिल २०२२ ला एट्सीवरच्या विक्रेत्यांनीही संप केला. पर्याय म्हणून निवडलेल्या जागेनेच चौदा वर्षांनी तोच प्रसंग आणला. दुसरी वाट कॅनडातून निघाली. ओटावात स्नोबोर्ड विकण्यासाठी टोबियास ल्युट्के आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतःचं संकेतस्थळ बांधलं, आणि २००६ मध्ये त्या बांधकामाचंच उत्पादन केलं. ते शॉपिफाय. तिथे गिऱ्हाइकांची यादी विक्रेत्याची असते. पण रस्त्यावरची वर्दळ मिळत नाही. गिऱ्हाईक तुम्हीच आणायचं. वर्दळ हवी तर यादी सोडा, यादी हवी तर वर्दळ सोडा, असा हा सौदा आहे.

भारतात परत येऊ. ॲमेझॉन जून २०१३ मध्ये इथे उतरलं. २००७ पासून पुस्तकं विकणारं फ्लिपकार्टही त्याच वर्षी बाजारपेठेच्या रूपात गेलं. या वळणाला परकीय गुंतवणुकीचे नियम कारणीभूत होते. परदेशी पैसा असलेल्या कंपनीने स्वतः माल साठवून किरकोळ ग्राहकाला ऑनलाइन विकायला मुभा नव्हती. दुसऱ्यांचा माल विकून देणारी ‘बाजारपेठ’ चालवायला होती. म्हणजे बाहेरचे विक्रेते असणं ही या कंपन्यांची कायदेशीर गरज होती. पण विक्रेता लागतो म्हणजे छोटाच लागतो असं थोडंच आहे? फ्लिपकार्टवर डब्ल्यूएस रिटेल आणि ॲमेझॉनवर क्लाउडटेल अशा मोजक्या मोठ्या विक्रेत्यांकडून विक्रीचा बराच भाग जायचा. मग २०१६ च्या प्रेस नोट ३ ने एका विक्रेत्याचा वाटा २५ टक्क्यांवर जाऊ नये असं म्हटलं. २६ डिसेंबर २०१८ च्या प्रेस नोट २ ने, प्लॅटफॉर्मचीच भागीदारी असलेल्या विक्रेत्याला त्या प्लॅटफॉर्मवर विकायला बंदी केली. कागदावर सगळे मध्यस्थच.

छोट्या विक्रेत्याला मात्र या नियमांपेक्षा पानाची रचना जास्त नडली, आणि हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ईबेवर प्रत्येक नोंद विक्रेत्याची स्वतःची असायची. फोटो त्याचा, वर्णन त्याचं, नाव वर ठळक. ॲमेझॉनच्या पद्धतीत पान वस्तूचं असतं. एका मिक्सरचं एक पान. तोच मिक्सर विकणारे दहा जण त्या पानामागे रांगेत उभे, आणि ‘खरेदी करा’ या बटणामागे त्या क्षणी कुणाचा माल असेल ते प्लॅटफॉर्मची गणितं ठरवणार. गिऱ्हाइकाला विचाराल तर तो म्हणेल, ‘ॲमेझॉनवरून घेतला.’ विक्रेत्याचं नाव त्याने वाचलेलंही नसतं. पार्सलवर पत्ता दिसला तरी त्या गिऱ्हाइकाला आपल्या दुकानाकडे वळवायला नियमांनी मनाई. माल कंपनीच्या गोदामात ठेवला असेल तर पत्ताही दिसत नाही.

बरं, वस्तूला पान मिळण्यासाठी तिला ओळखक्रमांक लागतो. साठच्या दशकातलं एखादं मराठी पुस्तक घ्या. आयएसबीएन ही पद्धतच आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९७० ची. क्रमांक नाही म्हणजे खास सवलत मागा, अर्ज करा, वाट बघा. आणि एवढं करून नग एकच. मराठी पुस्तकांचं स्वतंत्र दुकान म्हणून पुण्याची बुकगंगा उभी राहिली, ग्रंथप्रदर्शनं आणि संमेलनातले गाळे चालू राहिले, प्रकाशनपूर्व सवलतीत वाचकाकडून आधीच पैसे घेण्याची आपली जुनी रीतही टिकली. यामागे मराठीचं प्रेम आहेच. पण सर्वसाधारण पानांच्या चौकटीत हा माल नीट बसत नव्हता, हेही कारण आहे.

एप्रिल २०१७ मध्ये ईबेने फ्लिपकार्टमध्ये ५० कोटी डॉलर गुंतवले आणि ईबे इंडियाचा व्यवसाय फ्लिपकार्टच्या हाती गेला. मे २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा १६०० कोटी डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. १४ ऑगस्ट २०१८ ला ईबे डॉट इनवरचे व्यवहार थांबले. व्यापारी वृत्तपत्रांत ही बातमी एका मोठ्या सौद्याचं शेपूट म्हणून आली. नवा माल विकणारे फ्लिपकार्ट-ॲमेझॉनकडे सरकले असतील, पण तिथे शून्यापासून सुरुवात. आधीचे पाचशे शेरे कुणी विचारात घेणार नव्हतं. एका बाजारातली पत दुसऱ्या बाजारात चालत नाही. बँकेतलं खातं हलवता येतं, हे नाही. आणि एकेक नगवाल्यांना तर जायला तशी जागाच नव्हती. ओएलएक्स, क्विकरसारख्या ठिकाणी मांडामांड व्हायची, पण पैसा धरून ठेवणारा तिसरा हात तिथे नसायचा. नाणीवाले फेसबुकच्या गटांत आणि व्हॉट्सॲपवर गेले. तिथे फोटो टाकून, वेळ ठरवून, संदेशावर बोली चालते. पैसे आधी, माल नंतर, जामीन म्हणजे गटाचा प्रशासक.

म्हणजे व्हीपीच्या काळातली सुटी-सुटी कामं पुन्हा सुटी झाली. दर्शनी खिडकी इन्स्टाग्रामवर, बोलणं व्हॉट्सॲपवर (त्याचं छोट्या धंद्यांसाठीचं ॲप जानेवारी २०१८ चं), पैसा यूपीआयवर (२०१६ चं), पार्सल टपालाने नाहीतर कुरिअरने. ही मोट बांधायला कुणी शिकवलं नाही. मात्र पाचापैकी एक काम कुणाकडेच गेलं नाही: तंटा झाला तर निवाडा कोण करणार? यूपीआयवर गेलेला पैसा गेला. जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्ससाठी ग्राहक संरक्षणाचे वेगळे नियम आले, पण मावशींकडून व्हॉट्सॲपवर मागवलेल्या साडीचा रंग उतरला म्हणून कोण ग्राहक मंचात जातं?

या सरकण्यामागे एक करकायदाही होता, आणि त्याकडे इतिहासाच्या बाजूने फारसं कुणी बघितलेलं नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला. कोल्हापुरात घरी कांदा-लसूण मसाला करणारी एक बाई कल्पनेने समोर आणा. शेजारीपाजारी, ओळखीत, राज्यातल्या राज्यात विकलं तर ठरावीक उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. ही मर्यादा आधी २० लाख होती, एप्रिल २०१९ पासून मालासाठी ४० लाख झाली. पण तोच मसाला, त्याच राज्यात, प्लॅटफॉर्मवरून विकायचा असेल तर पहिल्या रुपयापासून नोंदणी हवी. म्हणजे दर महिन्याचं विवरण, हिशेबनिसाची फी आणि डोक्याला ताप. ऑक्टोबर २०१८ पासून प्लॅटफॉर्मने विक्रीच्या रकमेतून एक टक्का कर कापून घेणंही सुरू झालं. मोठ्याला हे सहज झेपतं; दरमहा दहा हजारांची विक्री असलेल्या बाईला नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्यांनाही प्लॅटफॉर्मवर विकायची मुभा मिळाली, पण फक्त आपल्या राज्यात. कोल्हापूरहून नागपूरला चालेल, शेजारच्या बेळगावला नाही! ही सहा वर्षं, २०१७ ते २०२३, म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या घरगुती विक्रीच्या वाढीचाच काळ. दोन्हींचा संबंध कितपत, हे मोजून दाखवणारा प्रबंध कुणी लिहिला तर मी पहिला वाचक.

मीशोची गोष्ट याच काळातली. विदित आत्रेय आणि संजीव बर्नवाल या आयआयटी दिल्लीच्या दोघांनी २०१५ मध्ये ती सुरू केली. पद्धत अशी: पुरवठादाराच्या मालाचे फोटो ॲपवरून घ्यायचे, आपल्या व्हॉट्सॲप गटात टाकायचे, किमतीवर आपले पन्नास-शंभर चढवायचे. माल परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी जाणार, नफा खात्यात येणार. गुंतवणूक शून्य. घरी राहणाऱ्या असंख्य बायका यात आल्या, कारण गिऱ्हाइकांची यादी त्यांच्याकडे आधीपासूनच होती: भिशी, माहेर, सोसायटी, मुलांच्या शाळेतल्या आया. धंद्याचं खरं भांडवल तेच होतं. २०२१ पर्यंत वारं फिरलं. मीशोने पुरवठादारांसाठी कमिशन शून्य केलं आणि गिऱ्हाईक थेट ॲपवरून मागवायला लागलं. जी वस्तू ॲपवर उघड दिसते ती वहिनींकडून शंभर रुपये जास्त देऊन कोण घेईल? मधल्या बायकांची ओळख वापरून ॲप घराघरांत पोहोचलं आणि मग त्यांची गरज कमी होत गेली. मी याला फसवणूक म्हणणार नाही, त्यांनाही चार पैसे मिळाले. पण पत्ते एका वहीतून दुसऱ्या वहीत गेले, हे नोंदवायला हवं.

याच्या शेजारी आंब्याचं उदाहरण ठेवून बघा. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा हापूसचा हंगाम सुरू होत होता. नेहमीची साखळी विस्कटली आणि देवगड-रत्नागिरीकडच्या कित्येक बागायतदारांनी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये थेट पेट्या पोहोचवल्या. गटात संदेश, पैसे यूपीआयवर, टेम्पो गेटपाशी. फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून राज्य सरकारने २०१६ मध्येच मोकळा केला होता, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. त्यातल्या ज्यांनी फोन नंबर नीट जपले त्यांना पुढच्या हंगामात ‘पेटी कधी येणार?’ अशी विचारणा गिऱ्हाइकाकडूनच येते. आणि त्याच वर्षी २९ जूनला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. तिथल्या व्हिडिओंवर धंदा उभा केलेल्यांचे हजारो अनुयायी एका संध्याकाळीत नाहीसे झाले. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. आपल्या प्रश्नापुरता फरक बघा: फोन नंबर कागदाच्या डायरीत उतरवता येतो, अनुयायी उतरवता येत नाही.

आता तुमच्या कामाचं बोलू. या विषयाची साधनं कुठे? अडचण अशी की जो बाजार बंद होतो तो आपलं दप्तरही घेऊन जातो. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुनी पानं मिळतात, पण आतल्या नोंदी तुटक. शुल्काचे तक्ते मात्र बरेचदा सापडतात, आणि त्यांच्या वेगवेगळ्या तारखांच्या प्रती ओळीने लावल्या की नियम कधी, कसे बदलले ते उलगडतं. दुसरं साधन म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाचे आदेश. ऑनलाइन विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेने फ्लिपकार्टविरुद्ध केलेली तक्रार आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये फेटाळली. मार्च २०२० मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो निर्णय रद्द करून चौकशी करायला सांगितलं. दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून आयोगाने जानेवारी २०२० मध्येच ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट दोघांच्या चौकशीचा आदेश दिला होता. विक्रेत्यांचं म्हणणं सरकारी दप्तरात शब्दबद्ध झालेलं क्वचितच मिळतं, ते इथे आहे. अर्थात वकिलांच्या भाषेत आणि संघटित विक्रेत्यांचं. मसालेवाल्या बाईचा आवाज त्यात नाही. त्यासाठी मुलाखतीच घ्याव्या लागतील, आणि लवकर. व्हीपीच्या काळासाठी टपाल खात्याचे वार्षिक अहवाल आहेत, ज्यॉफ्री क्लार्क या टपाल अधिकाऱ्याने १९२१ मध्ये लिहिलेला खात्याचा इतिहास आहे, आणि जुन्या मासिकांची जाहिरातीची पानं आहेत. एक त्रास सांगून ठेवतो. बांधणी करताना काही ग्रंथालयं नेमकी तीच पानं काढून टाकत, कारण जाहिराती म्हणजे मजकूर नव्हे अशी समजूत. सुटे अंक शोधा.

सध्या घडत असलेलं प्रकरण हवं असेल तर ओएनडीसी घ्या. सरकारच्या पुढाकाराने ३१ डिसेंबर २०२१ ला ही ना-नफा कंपनी नोंदली गेली आणि एप्रिल २०२२ मध्ये पाच शहरांत चाचणी सुरू झाली. खरेदीचं ॲप एकाचं, विक्रीचं दुसऱ्याचं, वाहतूक तिसऱ्याची, आणि सगळ्यांमध्ये एक सामायिक भाषा, अशी तिची कल्पना. एका हातात गेलेली कामं पुन्हा मुद्दाम सुटी करण्याचा हा प्रयोग आहे. म्हणूनच व्हीपीशी त्याची तुलना करावीशी वाटते. पण पोस्टकार्ड थेट विक्रेत्याकडे यायचं. इथे गिऱ्हाईक आधी भेटतं ते खरेदीच्या ॲपला, आणि ओळखतं तेही त्यालाच. माल खराब निघाला तर तिघांपैकी कुणी जबाबदारी घ्यायची, हा प्रश्नही पहिल्या दिवसापासून सोबत आहे.

पुढच्या लेखात स्पर्धा आयोगाचा एक आदेश घेऊन तो परिच्छेदागणिक कसा वाचायचा, विक्रेत्याचं म्हणणं कुठे संपतं आणि आयोगाचं कुठे सुरू होतं हे कसं ओळखायचं, ते बघू. तोवर कुणाच्या घरी जुन्या मासिकांचे जाहिरातींसकट सुटे अंक असतील तर जरूर कळवा.